जातिवंत

समोरच्या घरात भैरू आला तेव्हा तो माझ्या ओंजळीत मावत होता. २०२१ ची दिवाळी नुकतीच झाली होती. समोरच्या वहिनींचा थोरला मुलगा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला आहे. पगारातले पैसे बाजूला टाकत टाकत त्यानं ते पिल्लू विकत घेतलं होतं. ज्योतिबाचं दर्शन घेऊन परतताना आणलं, म्हणून नाव भैरू. बदामी रंग, छातीवर पांढरा ठिपका, दुधानं टम्म झालेलं पोट. आमची गल्ली कोल्हापुरात, कळंब्याच्या अंगाला, घराला घर लागून. पाच मिनिटांत सगळी पोरं गोळा झाली आणि पहिला प्रश्न आला, "कुठल्या जातीचं हाय रं?"

"पिटबुल. जातिवंत हाय, साधंसुधं न्हाई."

त्या पोराचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. स्वतःच्या कमाईतून त्यानं पहिल्यांदाच काहीतरी भारी घरात आणलं होतं. त्या आठवड्यात गल्लीतल्या निम्म्या लोकांनी भैरूला कडेवर घेऊन फोटो काढले. मीही काढला. तो माझ्या फोनमध्ये आहे.

२०२४ च्या पाडव्याच्या आधीच्या शनिवारी भैरूला सुई देऊन झोपवलं. त्याला कसलाही आजार नव्हता. तो कुणाला चावलेला नव्हता. त्याला गल्लीतून हलवा म्हणून जो अर्ज फिरला, त्यावर माझी सही होती. हे कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळं शब्दापाशी थांबायची खोड आहे. इंग्रजीत ज्याला ब्रीड म्हणतात त्याला आपण सरळ जात म्हणतो. म्हशीची जात, घोड्याची जात, कुत्र्याची जात. गंगावेशीत दूध प्यायला उभं राहिलं तरी पंढरपुरी म्हशीचं कौतुक कानावर येतं, तिची लांब शिंगं, तिचं दूध, ती कशी जातिवंत. ज्याला जात सांगता येत नाही ते गावठी. भैरूचं कौतुक झालं ते जातीचं, आणि पुढं त्याच्यावर आरोप आला तोही जातीचाच. मधल्या अडीच वर्षांत भैरू स्वतः कसा होता, हे आमच्यापैकी कुणी कुणाला विचारलं नाही.

मला ते थोडंफार माहीत होतं. पोरगं शिफ्टला गेलं की भैरू जिन्याखाली बांधलेला असायचा. साखळी चार हातांची. सुरुवातीला त्याला सकाळी फिरवायचे, नंतर शिफ्ट बदलली, धाकट्याची बारावी आली, फिरवणं आठवड्यातून एकदा, मग तेही नाही. दुपारी सगळी गल्ली झोपली की मी दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन जायची. भैरू आधी माझ्या हाताचा वास घ्यायचा, मग नुसत्या ओठांनी घास उचलायचा, दात लागू नयेत म्हणून जपून. गणपतीत फटाके वाजले की जिन्याखालच्या पाण्याच्या टाकीमागं अंग चोरून बसायचा. पण अनोळखी माणूस फाटकाशी आला की साखळी ताणून असा काही भुंकायचा की रस्त्यावरचं माणूस दचकायचं. चार हातांच्या गोलात अडीच वर्षं काढलेल्या जनावरानं दुसरं काय करायचं होतं? ती साखळी मला रोज दिसत होती. "वहिनी, याला जरा मोकळं सोडा की," एवढं एक वाक्य मी बोलले नाही. शेजारधर्म आडवा आला, असं मी तेव्हा स्वतःला सांगायची.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागानं राज्यांना एक पत्र पाठवलं. २३ जातींची कुत्री हिंस्र आणि माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत. त्यांची पैदास, विक्री आणि ती पाळण्यासाठी परवाने देऊ नयेत, असं त्यात होतं. यादीत पिटबुल, रॉटवायलर, अकिता, केन कोर्सो. 'मास्टिफ' आणि 'टेरियर' अशी अख्खी कुळंच्या कुळंही त्यात घातलेली. टेरियर म्हटलं की मांडीवर मावणारी चिमुकली कुत्रीसुद्धा त्यातच आली. टोसा ही एकच जपानी जात दोन नावांनी दोनदा आलेली. ज्या यादीवरून घराघरांतल्या जनावरांचं आयुष्य ठरणार होतं, ती इतक्या घाईत केलेली होती.

त्या पत्राचा फोटो दोन दिवसांत आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. सोबत कुठल्या तरी लांबच्या शहरातला हल्ल्याचा व्हिडिओ. मग लखनऊची आठवण निघाली. तिथं २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एक वृद्ध बाई गेल्या होत्या. ती बातमी खरी होती आणि भयंकर होती. तीन दिवसांत अर्ज तयार झाला. "सदर हिंस्र जातीचे कुत्रे तातडीने हटवावे, त्याची योग्य ती विल्हेवाट लावावी." कागद माझ्या दारात आला तेव्हा आत माझी चार वर्षांची नात पाटीवर रेघोट्या मारत होती. उन्हाळ्याची सुट्टी पडली की ती दीड महिना माझ्याकडं असते. अर्ज आणणारे दादा म्हणाले, "बाई, उद्या काय झालं तर? लहान लेकरू हाय तुमच्या घरात." मी सही केली. सातव्या ओळीत, नाव, घर नंबर, मोबाईल नंबर.

सरकारी पत्र मी शेवटपर्यंत वाचलं ते भैरू गेल्यानंतर. जी कुत्री आधीपासून घरात पाळलेली आहेत, त्यांची नसबंदी करावी, म्हणजे पुढं पैदास होणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. मारा, असं एक अक्षर त्या पत्रात नव्हतं. ती पायरी आम्ही आमच्या मनानं चढलो. 'विल्हेवाट' हा शब्द आमचा होता.

माझे वडील, आण्णा, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होते. डॉक्टरांच्या हाताखालचं काम. जखमा धुवायच्या, जनावर आडवं पाडायचं, पाय बांधायचे, अडलेल्या म्हशीच्या मागं रात्र रात्र बसायचं. माझं लहानपण दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत, फिनेलच्या वासात गेलं. शेवटची सुई द्यायचा प्रसंग वर्षातून दोन-चारदा यायचा. त्यातला एक मी कुंपणाआडून पाहिला, दहा-अकरा वर्षांची असताना. भोगावतीच्या काठच्या गावातली म्हैस विहिरीत पडली होती. बाहेर काढली, पण कंबर मोडलेली. बारा दिवस उठली नाही, कुशीला जखमा पडल्या, जखमांत किडे झाले. डॉक्टरांनी मालकाला बाजूला घेऊन समजावलं. म्हातारा मान हलवून निघायला लागला तेव्हा आण्णा म्हणाले, "काका, डोकं तुम्ही धरायचं."

हा आण्णांचा नेम होता. ज्याचं जनावर, त्यानं डोकं मांडीवर घ्यायचं. मालक तयार नसेल तर आण्णा सुई भरायला हात लावायचे नाहीत, आणि डॉक्टरही थांबायचे. म्हातारा परत आला, मांडी घालून बसला, म्हशीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत राहिला. ती शांत झाल्यावरही बराच वेळ त्याचं बोलणं थांबलं नव्हतं.

त्याच दवाखान्यात एकदा एका मोठ्या घरातलं अल्सेशन कुत्रं जीपमधून आलं. गड्याच्या पोटरीचा लचका तोडला होता. मालकाचं एकच म्हणणं, "मारून टाका. ही जातच खुनशी." डॉक्टरांनी आधी गड्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. कुत्रं मात्र त्यांनी दहा दिवस दवाखान्यातच बांधून ठेवायला सांगितलं. रेबीज झालेलं कुत्रं चावल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत मरतं, म्हणून ती मुदत. अकराव्या दिवशी ते कुत्रं टुणटुणीत होतं. तोवर आण्णांनी चौकशी केली होती. कुत्री व्यालेली होती, पिलं पोत्याआड होती, आणि गडी अंधारात पोतं उचलायला वाकला होता. "जात खुनशी न्हाई, बाळंतीण हाय," आण्णा मालकाला म्हणाले. जीप तिला परत घेऊन गेली.

अल्सेशन या नावाची गोष्ट मला पुष्कळ पुढं वाचायला मिळाली. ते कुत्रं मूळचं जर्मन, जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन म्हटलं की लोकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, म्हणून तिथल्या केनेल क्लबनं त्याला जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांताचं नाव दिलं. १९७७ मध्ये जुनं नाव परत आलं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र अल्सेशनच राहिलं. कुत्रं तेच, त्याचे दात तेच, माणसांची भांडणं तेवढी बदलत गेली. माझ्या लहानपणी भीती अल्सेशनची होती, मग डोबरमनची आली, मग रॉटवायलरची. रॉटवायलर हे जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचं कुत्रं. गुरं हाकायची आणि मांसाची गाडी ओढायची, हे त्याचं काम.

भैरूच्या बाबतीत गल्लीत सगळे 'दयामरण' म्हणत होते. ग्रुपवरही तसंच लिहिलं गेलं, "शेवटी दयामरण द्यावे लागले", आणि पुढं हात जोडलेली चित्रं. हा शब्द मला घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचतो. विहिरीतून काढलेल्या म्हशीला जे दिलं ते दयामरण होतं, कारण तिच्या वेदना थांबवायला दुसरा कुठलाही मार्ग उरला नव्हता. भैरूला कसल्या वेदना होत्या? शनिवारी सकाळी त्यानं नेहमीसारखी भाकरी खाल्ली होती. ज्याला दुखत नाही, ज्याला जगायचं आहे, त्याला मारायचं आणि त्या कृतीला दया म्हणायचं. मी मुलांना समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द शिकवत आले. या ठिकाणी दया या शब्दाचा अर्थ भीती असा होतो, आणि भीती आमची होती, भैरूची नव्हती.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तरी आपल्या देशात लेखी नियम आहेत. प्राणी जन्मनियंत्रणाचे पहिले नियम २००१ चे, आताचे २०२३ चे. त्यांप्रमाणं बरं न होणाऱ्या आजारानं ग्रासलेल्या किंवा जगण्यापलीकडं जखमी झालेल्या कुत्र्यालाच असं मरण देता येतं, तेही तपासणी करून. २००१ च्या नियमांतलं एक वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एका कुत्र्याच्या देखत दुसऱ्या कुत्र्याला मारू नये, असं ते वाक्य आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेत कुणीतरी एवढा विचार करून ठेवला होता. उकिरड्यावरच्या बेवारस कुत्र्याला आधी बघा, तपासा, मग ठरवा, असं म्हणणारा नियम आहे. घरात वाढलेल्या भैरूला कुणी तपासलं नाही. त्याची तपासणी त्या यादीतच झाली होती.

ब्रिटनमध्ये हे सगळं आपल्या आधी घडून गेलं आहे. १९९१ च्या त्यांच्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यानं पिटबुलसह चार प्रकारांवर बंदी घातली, आणि कुत्रं त्या प्रकारात बसतं की नाही हे त्याच्या दिसण्यावरून, अंगाच्या मापांवरून ठरतं. आईबाप कोण होते याला महत्त्व नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये लेनक्स नावाचं एक कुत्रं २०१० मध्ये असंच घरातून उचललं. ते कुणाला चावल्याची तक्रार नव्हती. पिटबुलसारखं दिसतं, धोकादायक आहे, असं नगर परिषदेनं ठरवलं आणि न्यायालयांनीही ते उचलून धरलं. दोन वर्षं ते कोंडवाड्यात होतं. घरच्यांना भेटू दिलं नाही. जगभरातून विनवण्या झाल्या, दुसऱ्या देशात नेऊन सांभाळायची तयारी लोकांनी दाखवली, तरी ११ जुलै २०१२ ला त्याला मारलं. पुढं २०२३ मध्ये एक्सएल बुली नावाच्या कुत्र्यांवर बंदी जाहीर झाली. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सवलतीचं प्रमाणपत्र नसेल तर असं कुत्रं पाळणं गुन्हा ठरला. ज्यांना ठेवायचं नाही त्यांनी मुदतीत डॉक्टरकडून मारून घेतलं तर सरकार २०० पौंड भरपाई देणार होतं. त्यामागं माणसांचे खरेखुरे मृत्यू होते, मुलंही त्यात होती. ते मी विसरत नाही. तरी त्या २०० पौंडांच्या रांगेत किती निरोगी, शेपूट हलवणारी कुत्री उभी राहिली असतील, या विचारानं माझी झोप उडते.

जातीवरून शिक्का मारणं कोल्हापूरला नवं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मला की गुन्हेगार. आमच्या संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी द्यावी लागे. गुन्हा कुणी केला हा प्रश्नच नव्हता, कुठल्या घरात जन्मला एवढंच बघत. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी ती हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला आणून वसवलं, पहाऱ्याची कामं दिली. लोक ज्यांना चोर म्हणत होते त्यांच्याच हाती महाराजांनी राखण सोपवली. चौथीच्या वर्गात हा भाग शिकवताना माझा आवाज दरवेळी भरून यायचा.

ही आठवण इथं काढताना हात अडखळतो. ज्यांच्या आजोबांनी ती हजेरी दिली, त्यांचं दुःख कुत्र्याच्या शेजारी मांडायचं नाही. माणसाची जात ही माणसानं रचलेली खोटी गोष्ट आहे. कुत्र्याची जात माणसानं रचली, पण ती खोटी नाही. पिढ्यानपिढ्या निवड करून आपण ती जनावराच्या अंगात उतरवली आहे. सीमेपलीकडच्या मुधोळचं कुत्रं ससा दिसला की धावणारच. घाटमाथ्यावर बकरी घेऊन आलेल्या धनगराचं कुत्रं रात्री परक्याला कळपाजवळ फिरकू देत नाही, आणि तसं नसतं तर धनगरानं ते पाळलंच नसतं. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर सोडायला आणि एकमेकांशी झुंजवायला तयार केले. बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ तिथं १८३५ मध्ये कायद्यानं बंद झाला, झुंजी चोरून चालूच राहिल्या. त्यामुळं जातीला काहीच अर्थ नाही असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही.

प्रश्न उरतो तो किती अर्थ आहे याचा. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अमेरिकी अभ्यास आला. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून घेतली होती, २,००० हून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासले होते. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ९ टक्के फरक तेवढा जातीनं उलगडतो, असं त्यात निघालं. आणि चटकन बिथरण्याच्या बाबतीत जातीवरून फारसं काही सांगताच येत नाही. उरलेल्यात सगळं येतं, त्या एकट्या कुत्र्याचा स्वभाव, आईपासून कधी तोडलं, कुणी सांभाळलं, कुणी मारलं, किती हातांच्या साखळीनं बांधलं. अमेरिकेत २००७ मध्ये मायकल विक या फुटबॉलपटूच्या जागेत चालणाऱ्या झुंजींतून पन्नासच्या आसपास पिटबुल सोडवले. ती सगळी मारावीत, असं प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थासुद्धा म्हणत होत्या. त्याऐवजी एकेक कुत्रं वेगळं तपासलं. हिंस्रपणामुळं मारावं लागलं ते एकच. बहुतेकांना घरं मिळाली किंवा आश्रय मिळाला, आणि काही तर पुढं आजारी माणसांना सोबत करायला जाऊ लागली. ज्यांना मारामारीसाठीच वाढवलं होतं त्यांची ही गोष्ट.

मे २०२४ मध्ये चेन्नईच्या एका बागेत दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीवर हल्ला केला. तिच्या डोक्याला झालेल्या जखमा वाचताना मी माझ्या नातीला घट्ट धरून बसले होते. त्या मुलीच्या आईसमोर उभं राहून मी नऊ टक्क्यांचं गणित सांगणार नाही. मोठ्या जबड्याचं कुत्रं चावलं तर इजा मोठीच होते. ते पाळायचं असेल तर परवाना हवा, नसबंदी हवी, बाहेर नेताना तोंडाला जाळी हवी, पट्टा मोठ्या माणसाच्या हातात हवा, आणि चूक झाली तर मालकाला जबर शिक्षा हवी. एखाद्या कुत्र्यानं खरोखर कुणाला फाडलं आणि जाणत्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की याला आवरणं शक्य नाही, तर त्या सुईला मी विरोध करणार नाही. आण्णांनीही केला नसता, मात्र डोकं मालकाला धरायला लावलं असतं. पण कृत्य नाही, तपासणी नाही, नुसतं यादीत नाव आहे म्हणून सुई, हे मला आता कुठल्याच बाजूनं पटवून घेता येत नाही. आणि गंमत म्हणून अशी पिल्लं विकणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, ही चीड वेगळीच. ज्यानं भैरू विकला त्याचा फोन त्या दिवसांत लागत नव्हता.

शेवटचे पंधरा दिवस पोरगं नुसतं फिरत होतं. राधानगरीकडं त्यांच्या पाहुण्यांचं शेत आहे, ते आधी हो म्हणाले, यादी टीव्हीवर बघितल्यावर नाही म्हणाले. प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांना फोन केले, त्यांच्याकडं जागा नव्हती. एक जण मात्र लगेच न्यायला तयार झाला, वर पैसेही देणार होता. झुंजीला लावण्यासाठी. पोरगं त्याच्या दारातून परत आलं. "रोज मरण्यापरास एकदाच मेलेलं बरं," असं ते घरी म्हणालं, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. सगळ्या गल्लीत दया हा शब्द वापरायचा हक्क कुणाला असेल तर त्या एकट्या पोराला आहे, आणि त्यानं तो शब्द वापरला नाही. एका डॉक्टरांनी निरोगी कुत्र्याला सुई द्यायला नकार दिला. दुसरे तयार झाले.

त्या शनिवारी दुपारी मी भाकरी कुस्करून नेली तेव्हा जिन्याखाली साखळी नुसती पडलेली होती.

मंगळवारी पाडवा झाला. गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयानं केंद्राचं ते पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं ऐकून न घेता असा निर्णय करता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयातही ते पत्र बाजूला पडलं, लोकांच्या हरकती मागवून नव्यानं विचार करू असं केंद्रानंच सांगितलं. चार दिवस. भैरू आणखी चार दिवस जिन्याखाली असता तर काय झालं असतं, हा हिशोब मी रात्री अंथरुणावर पडून करते. कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. आमचा अर्ज कुठल्याही न्यायालयानं रद्द केलेला नव्हता.

गेल्या महिन्यात मी समोर गेले. वहिनी जिन्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. जिन्याखाली आता धाकट्याची मोटरसायकल असते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, त्या अर्जावर माझी सही होती."

त्यांनी वर बघितलंही नाही. "ठाऊक हाय की, बाई. कागद आमाला दाखवला व्हता. सातवी सही तुमची." दोन दिवाळ्या त्यांच्या घरातून माझ्याकडं फराळाचं ताट आलं होतं. दोन्ही वेळा मी ते रिकामं परत दिलं नव्हतं, साखर घालून दिलं होतं, आणि आपण किती चांगले शेजारी आहोत असं मनात म्हटलं होतं.

त्यांनी पाट पुढं सरकवला. मी बसले. बराच वेळ नुसता शेंगा फुटण्याचा आवाज. मग मी विचारलं, "डोकं कुणी धरलं होतं?"

"पोरानंच. दुसरं कोण धरणार?" त्यांनी टरफलं पदरातून झटकली. "तुमचं वडील ढोरांच्या दवाखान्यात व्हतं न्हवं? मग तुमाला कळत असंल. त्या सुईनं दुखलं असंल का वो त्याला?"

"नाही. आधी गुंगीची देतात. नीट दिली असेल तर नाही दुखत."

"नीट दिली असंल का?"

"मला नाही माहीत, वहिनी," मी म्हणाले. "मी तिथं नव्हते."